वाचक विचारतात: विलोची साल, फांदीपासून बरणीपर्यंत

मागच्या अंकात औषधी सालींवर लिहिताना विलोचा उल्लेख मी जेमतेम दोन ओळींत उरकला होता, की अंगदुखी-तापावर जुनं औषध आहे आणि घरी वाळवून ठेवता येतं. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली, प्रश्न कुठलाही असो, तोडायचा असो, वाळवायचा असो नाहीतर बरणीचा, फिरून फिरून तो पाण्यापाशीच येतो. हे झाड पाण्याच्या काठाला वाढतं, त्यातलं औषध पाण्यात विरघळतं, वाळवणं म्हणजे त्यातलं पाणी काढणं आणि साठवणं म्हणजे ते परत आत न येऊ देणं. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे सोपं जाईल.

प्रश्न: ताई, आमच्या घराजवळ एक झाड आहे, लांब निमुळती पानं, फांद्या खाली लोंबतात. सगळे विलोच म्हणतात. साल काढायला सुरुवात करू का?

थांबा, अजिबात नको. "सगळे म्हणतात" यावर साल काढून पोटात घ्यायची नाही. या महिन्यात सगळ्यात जास्त काळजी मला याच पत्राची वाटली म्हणून ते पहिलं घेतलंय.

लांब निमुळती पानं असलेली झाडं पुष्कळ आहेत आणि त्यातली काही जिवावर बेतणारी आहेत. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी पण म्हणतात, तिची पानं लांबून बघितली तर कुणीही विलो समजेल अशीच असतात, आणि ते झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम करतं. साधी कण्हेरही तशीच विषारी. म्हणून पहिली परीक्षा ही की एक पान देठापाशी तोडा आणि बघा, पांढरा चीक आला तर ते झाड सोडा, विलोला चीक नसतो. (चीक हाताला लागला तर लगेच हात धुवा, डोळ्याला लावू नका.) दुसरं, पानं फांदीवर कशी लागलीत ते बघा. एकाच जागी तीन-तीन पानांचं कडं दिसलं तर ती कण्हेर असायची शक्यता मोठी. विलोची पानं बहुतेक जातींत एकाआड एक लागतात आणि कडेला बारीक दाते असतात. लोंबत्या फांद्यांचं म्हणाल तर बॉटलब्रशच्याही लोंबतात, पण त्याचं पान चुरगाळलं की निलगिरीच्या जवळपासचा वास येतो, तसा विलोला येत नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण डोळ्याची. फांदीवर पान फुटायच्या आधी जो डोळा असतो ना, तो विलोमध्ये फांदीला चिकटून बसलेला असतो आणि त्याच्यावर एकच अख्खी टोपी असते, एका सालीची. पॉपलर हे विलोचंच भावंड पण त्याच्या डोळ्यावर एकावर एक खवले असतात. भिंग घेऊन एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाही.

विलो म्हणजे सॅलिक्स ही प्रजाती, तिच्यात तीनशेच्या वर जाती आहेत. मराठीत वाळुंज म्हणतात ते झाड पण यातलंच. औषधात मुख्यतः पांढरी विलो (सॅलिक्स अल्बा, पानाची खालची बाजू चंदेरी), जांभळी विलो (सॅलिक्स पर्प्युरिया), सॅलिक्स डॅफ्नॉइडिस आणि क्रॅक विलो या जाती वापरतात. क्रॅक विलोची बारीक फांदी बुडापाशी दाबली की कट्कन तुटते, नावच त्यावरून पडलंय. तुमचं झाड यातलं नेमकं कुठलं हे वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माणसाला फांदी, पान आणि तुरा दाखवून नक्की करून घ्या. जात कळणं का गरजेचं आहे ते खाली डोसच्या प्रश्नात येईलच.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी आम्ही खोडाची साल काढली होती, गोल कापून, चांगली वीतभर रुंद पट्टी. झाड त्या वर्षी हिरवंगार होतं पण आता वरून वाळत चाललंय. कीड लागलीये का? आणि साल कधी, कुठून काढायची हे सांगा.

कीड नाही हो, ती गोल पट्टीच कारण आहे. वाईट वाटेल वाचून, पण सांगायला हवं. पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत सालीच्या आतल्या थरातून उतरतं. खोडाभोवती पूर्ण कडं काढलं की ती वाट बंद. पाणी मात्र लाकडातून वर चढतच राहतं, म्हणून झाड काही काळ हिरवं दिसतं आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही, तोपर्यंत खाली मुळं उपाशी मरत असतात. तुमच्या झाडात एक आशा आहे, विलो फार चिवट आहे, कापलेल्या जागेच्या खालून नवे फुटवे येतात. आले असतील तर त्यातले जोमदार दोन-तीन ठेवा, बाकीचे काढा आणि वरचं वाळलेलं खोड कुणा जाणकाराकडून उतरवून घ्या. झाड परत उभं राहील.

यापुढे खोडाला हात लावायचा नाही. साल फांद्यांची घ्यायची, त्या पण दोन-तीन वर्षं वयाच्या, अंगठ्याएवढ्या जाड. हे नुसतं झाडाच्या दयेपोटी सांगत नाहीये, औषधाच्या दृष्टीनेही कोवळ्या फांद्याच बऱ्या. युरोपियन फार्माकोपियातही, म्हणजे तिकडच्या औषधांच्या अधिकृत ग्रंथातही, कोवळ्या फांद्यांची साल नाहीतर त्याच वर्षीच्या डहाळ्यांचे तुकडे असंच लिहिलंय. म्हाताऱ्या खोडावर नुसतं बाहेरचं बुचासारखं जाड आवरण वाढलेलं असतं, त्यात काम करणारा भाग कमी.

वेळ म्हणाल तर महिना सांगण्यात अर्थ नाही कारण जागेप्रमाणे बदलतो, झाडाकडे बघायचं. डोळे फुगले, हिरवे टोक दिसायला लागलं पण पालवी अजून नीट उलगडली नाही, ती वेळ. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल लाकडापासून केळ्याच्या सालीसारखी सुटते. पुढे पानं जून झाली की साल लाकडाला घट्ट धरून बसते. फांदी जिथून फुटलीये तिथे थोडा फुगीर भाग असतो, तो न दुखवता त्याच्या लगेच बाहेर धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) नाहीतर करवतीने स्वच्छ कापा, लोंबतं ठेवून ओढू नका, ओढलं की खोडाची साल पण फाटत खाली येते. आणि एका झाडाच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त फांद्या एका वेळी घेऊ नका.

जागेचं मात्र कडक बघा. विलो जमिनीतले जड धातू, विशेषतः कॅडमियम आणि झिंक, शोषून अंगात साठवते, इतकी की दूषित जमीन साफ करण्यासाठी मुद्दाम विलो लावतात. आता ही झाडं वाढतात कुठे तर पाण्याच्या काठाला, आणि पाणी जर कारखान्याचं नाहीतर गटाराचं असेल तर ती साल कितीही सुंदर दिसली तरी घ्यायची नाही. धुऊन जात नाही ते, आतच असतं. मोठ्या रस्त्याच्या कडेचं, कीटकनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचं झाड पण नको. आणि झाड दुसऱ्याचं किंवा सार्वजनिक जागेतलं असेल तर आधी विचारा.

प्रश्न: साल निघतच नव्हती म्हणून फांद्या रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्या. सकाळी छान निघाली, पाणी चहासारखं झालं होतं ते फेकून दिलं. चालेल ना?

ते चहासारखं पाणी होतं ना, त्यात तुमच्या औषधाचा काही भाग गेला. विलोच्या सालीत जे मुख्य द्रव्य आहे ते सॅलिसिन, ते पाण्यात विरघळतं, म्हणूनच तर काढा होतो. म्हणजे भिजवणं, उकळणं हे साल काढायच्या वेळी करायचंच नाही. अख्खी फांदी असेल तर कमी नुकसान होतं, कारण फक्त कापलेली टोकं उघडी असतात, पण सोललेली साल भिजवली तर बरंच निघून जातं. यावेळची साल फेकू नका, पण ती वाळवताना जास्त लक्ष ठेवा कारण ती नेहमीपेक्षा ओली आहे.

धुवायचं असेल तर साल काढायच्या आधी, फांदी अख्खी असताना, वाहत्या पाण्याखाली ब्रशने माती-शेवाळ घासून टाका आणि फडक्याने कोरडी करा. मग सुरीने फांदीवर लांबीच्या दिशेने एक चीर द्या, लाकडाला टेकेपर्यंत, आणि चिरेत सुरीची बोथट बाजू घालून उचलत जा. रस चढलेला असला की अख्खी पट्टी हातात येते. नसेल येत तर पेन्सिलीला टोक करतो तसे ढलपे काढा, दिसायला ओबडधोबड होतील पण औषधाला फरक पडत नाही, थोडं लाकूड आलं तरी चालतं. कोवळ्या फांदीची बाहेरची पातळ साल खरवडायची गरज नाही. अगदी बारीक डहाळ्या तर न सोलताच सिकेटरने बोटाच्या पेराएवढे तुकडे करून वाळवा.

फांदी तोडली की त्याच दिवशी सोलून पसरायची. हे शेवटचं वाक्य मी पुढच्या उत्तरातल्या अनुभवावरून सांगतेय.

प्रश्न: साल आतून पांढरी होती, तासाभरात लालसर तपकिरी झाली. खराब झाली का? आणि उन्हात वाळवू की ओव्हनमध्ये?

रंग बदलला म्हणून घाबरू नका. सफरचंद कापून ठेवलं की जसं लाल पडतं तसंच आहे ते, हवा लागली की होणारच. वाळलेली चांगली साल आतून फिकट बदामी ते दालचिनीच्या रंगाची असते. घाबरायचं ते पांढऱ्या-हिरव्या लवीला, काळ्या ठिपक्यांना आणि कुबट वासाला.

माझा पहिल्या वर्षीचा सगळा माल असाच गेला. हुरूप होता, भरपूर फांद्या तोडल्या, संध्याकाळ झाली म्हणून निम्म्या फांद्यांची साल काढून पोत्यात भरून ठेवली की उद्या पसरू. सकाळी पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं, आणि दोन दिवसांत सगळ्यावर पांढरी लव. वरची-वरची पुसून वाचवावी असं फार वाटलं पण बुरशी दिसते तेवढीच नसते, तिची मुळं आत गेलेली असतात आणि काही बुरश्या विष तयार करतात जे उकळूनही जात नाही. सगळं टाकलं. झाडाच्या इतक्या फांद्या वाया गेल्या याचं अजून वाईट वाटतं, त्यामुळे तेव्हापासून आज जेवढी पसरायला जागा तेवढीच फांदी तोडायची हे ठरवून टाकलंय.

आता पद्धत. पट्ट्या आधीच बारीक करून घ्या, बोटाच्या रुंदीच्या, कारण वाळताना त्या आतल्या बाजूला वळून नळी होतात आणि नळीच्या आत ओल अडकून बसते. चाळणी, जाळी, वेताचं सूप नाहीतर ताणून बांधलेलं सुती कापड, काहीही चालेल पण खालून हवा लागली पाहिजे. एकच थर, एकमेकांवर चढवायचं नाही. जागा सावलीची, वारा खेळता. रोज एकदा हात फिरवून उलटंपालटं करा. रात्री दव पडत असेल तर संध्याकाळी आत घ्या, नाहीतर दिवसभर वाळलेलं रात्रीत सादळतं आणि तुम्ही आठवडाभर त्याच जागी.

कडक ऊन नको. बाहेरून पटकन कडक होतं, आत ओल राहते, आणि तुम्हाला वाटतं वाळलं. ओव्हनचंही तेच, बहुतेक ओव्हनचं सगळ्यात कमी तापमानसुद्धा जास्त असतं. ४० अंश सेल्सिअसच्या वर जायचं नाही असं धरून चाला. डिहायड्रेटर असेल तर ३५ ते ४० वर लावा, दमट हवेत तर तोच सगळ्यात चांगला, नसेल तर खोलीत पंखा लावून ठेवा. फार रेंगाळूही नका, कारण साल ओली असेपर्यंत तिच्यातली एन्झाइम्स कामाला लागलेली असतात आणि बुरशीलाही तेवढीच संधी मिळते.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. एडवर्ड स्टोन नावाचे एक इंग्लिश पाद्री होते, ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टनचे. त्यांनी विलोची साल चावून बघितली तर ती सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली, आणि सिंकोना तेव्हा थंडी-तापावरचं महागडं औषध होतं. त्यांनी पौंडभर साल गोळा केली आणि पिशवीत घालून पाव भाजणाऱ्याच्या भट्टीच्या बाहेरच्या बाजूवर तीन महिन्यांहून जास्त ठेवली, मग कुटून चाळून भुकटी केली. सुमारे पन्नास जणांना ती देऊन बघितली आणि १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. मला त्यात आवडतं ते भट्टीच्या "बाहेर" ठेवणं. आत नाही, बाहेर, जिथे मंद कोरडी ऊब असते. तीन महिने लागायचं काही कारण नाही, पसरून ठेवली तर पाच ते दहा दिवसांत काम होतं, पण तत्त्व तेच.

वाळली हे कसं ओळखायचं? वाकवून बघा. वाकली तर नाही वाळली, कट्कन मोडली आणि मोडलेल्या जागी तंतू कोरडे दिसले तर वाळली. पण सगळ्यात जाड तुकडा मोडून बघायचा, बारीक तर सगळेच मोडतात. अजून खात्री हवी तर वजन करा. ओल्या सालीचं वजन वाळून निम्म्याच्या आसपास येतं, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस वजन तेवढंच भरलं की समजा झालं.

प्रश्न: भुकटी करून ठेवू की तुकडे? माझ्याकडे चार वर्षांपूर्वीची बरणी आहे, वापरू का? आणि मधूनच बारीक भुंगे कुठून येतात?

तुकडे. भुकटी केली की हवेला लागणारा भाग कितीतरी पटीने वाढतो, ती ओल पण पटकन धरते आणि जोरही लवकर जातो. लागेल तेव्हा लागेल तेवढंच खलबत्त्यात कुटा.

काचेची घट्ट झाकणाची बरणी, पूर्ण कोरडी, अंधारातल्या थंड कपाटात. गॅसच्या वरचं कपाट नको, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही. प्लास्टिकची पातळ पिशवी पण नको. बरणी भरल्यावर पहिला आठवडा तिला विसरू नका, रोज बघा. काचेवर आतून धुकं दिसलं किंवा तुकडे मऊ लागले तर साल पूर्ण वाळली नव्हती, लगेच बाहेर काढून परत पसरा. या आठवड्याने माझ्या किती बरण्या वाचवल्या आहेत सांगता येत नाही.

भुंग्यांची अंडी बहुतेक वेळा फांदीबरोबरच घरात आलेली असतात. कडकडीत वाळलेली साल हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशाला ठेवली की त्यांचा बंदोबस्त होतो. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा मात्र नाही, उघडला तर गार सालीवर हवेतलं पाणी जमतं आणि आपली सगळी मेहनत परत ओली.

लेबलवर झाडाची जात, कुठल्या झाडाची, तोडल्याची तारीख, एवढं तरी लिहाच. बरणी बघून "हे काय होतं बरं" असं म्हणायची वेळ आली तर ती साल वापरायची नाही. दोन वर्षांपर्यंत ठीक, त्यापुढे मी ठेवत नाही. तुमची चार वर्षांची बरणी झाडाच्या बुंध्याशी खतात टाका.

प्रश्न: काढा किती घ्यायचा? नेटवर कुणी एक चमचा म्हणतं, कुणी तीन. नैसर्गिकच आहे तर जास्त झालं तर काय होतं?

नैसर्गिक आहे म्हणूनच मोजून घ्यायचं, कारण कारखान्यातल्या गोळीत किती आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं, फांदीवर नाही.

युरोपात प्रौढांसाठी जी पारंपरिक मात्रा मान्य आहे ती अशी, १ ते ३ ग्रॅम वाळलेली साल कपभर पाण्यात, दिवसातून तीन ते चार वेळा. म्हणजे चमच्याचा हिशोब सोडा आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा घ्या, कारण चमच्यात भुकटी वेगळी बसते आणि तुकडे वेगळे. साल गार पाण्यात घालायची, उकळी आली की आच मंद करून दहा मिनिटं ठेवायची, गाळायची. स्टील, काच नाहीतर एनॅमलचं भांडं घ्या, लोखंडाचं नको, सालीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की काढा काळा होतो. चव कडू आणि तुरट असणारच. कडू सॅलिसिनमुळे, तुरट टॅनिनमुळे, आणि त्या टॅनिनमुळेच रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून काहीतरी खाऊन घ्या.

आता जात का विचारत होते ते बघा. पांढऱ्या विलोच्या सालीत सॅलिसिनचा अंश बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपास असतो, जांभळ्या विलोत आणि डॅफ्नॉइडिसमध्ये तो सहा टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. समजा दोन बहिणींनी दिवसाला १२ ग्रॅम साल घेतली, एकीच्या झाडात एक टक्का तर तिला मिळालं १२० मिलिग्रॅम, दुसरीच्या झाडात सहा टक्के तर तिला ७२० मिलिग्रॅम. वजन तेच, काढ्याचा रंग जवळपास तोच, आणि औषध सहापट. ज्या अभ्यासावरून कंबरदुखीसाठी विलोचं नाव झालं तो २००० साली छापून आला, त्यात २१० जण होते, चार आठवडे. रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक शेवटच्या आठवड्यात वेगळी वेदनाशामक गोळी न घेता वेदनामुक्त होते, १२० मिळालेल्यांपैकी २१ टक्के, आणि नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ६ टक्के. चांगलेच आकडे आहेत. पण तो प्रमाणित अर्क होता, किती सॅलिसिन आहे ते तपासलेला. घरच्या सालीला ते आकडे चिकटवता येत नाहीत.

म्हणून मी सांगते की १ ग्रॅमपासून सुरू करा, एकदाच, आणि दिवसभर बघा. नवीन झाडाची साल आणली की परत १ ग्रॅमपासून, आधी कितीही घेतली असली तरी. सॅलिसिनचं शरीरात सॅलिसिलिक अ‍ॅसिड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे गोळीसारखा अर्ध्या तासात फरक पडत नाही, आणि इथेच लोक चुकतात, फरक नाही पडला म्हणून लगेच दुसरा कप घेतात. कानात गुंई असा आवाज यायला लागला, चक्कर आली, उलटी झाली, श्वास जोरात चालायला लागला तर सॅलिसिलेट (सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या घराण्यातलं द्रव्य) अंगात जास्त झालंय, ताबडतोब डॉक्टरकडे जा आणि काय घेतलं ते सांगा. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा डोकेदुखी परत परत येत राहिली तरी काढ्यावर बसून राहू नका.

प्रश्न: बाबा हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घेतात, विलोपासूनच अ‍ॅस्पिरिन आलं म्हणतात, मग गोळी बंद करून काढा दिला तर?

नाही. कृपा करून असं करू नका.

नातं आहे हे खरं. १८२८ मध्ये म्युनिकला बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळं केलं, १८३८ मध्ये पिरिया यांनी त्यावरून सॅलिसिलिक अ‍ॅसिड केलं आणि १८९७ मध्ये बायर कंपनीत हॉफमन यांनी त्याला अ‍ॅसिटिल गट जोडून आज आपण अ‍ॅस्पिरिन म्हणतो ते तयार केलं. पण बाबांच्या हृदयाचं काम तो जोडलेला अ‍ॅसिटिल गटच करतो. रक्तातल्या प्लेटलेट्सना तो कायमचा अडवतो, ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणून इतकी छोटी गोळी पुरते. सालीत तो गटच नाही. दुखणं थोडं कमी होईल, पण गुठळी होऊ नये म्हणून जे संरक्षण हवंय ते काढ्यातून मिळणार नाही. आणि गोळी चालू ठेवून वर काढाही नको, पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

काढा नको हाच नियम वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना, मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांना, पोटात अल्सर असलेल्यांना, किडनीचा त्रास असलेल्यांना, अ‍ॅस्पिरिनने दमा उठतो किंवा अंगावर पित्त उठतं अशांना, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना लागू. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगून आधीच बंद करा. काढा घेत असल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका, बरेच जण "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून सांगत नाहीत.

प्रश्न: सात वर्षांच्या मुलाला तापात अर्धा कप दिला तर चालतो का?

पाव कप पण नाही. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देत नाहीत कारण फ्लू, कांजिण्या अशा विषाणूंच्या आजारात त्याचा संबंध रेज सिंड्रोम या यकृत आणि मेंदूवर जाणाऱ्या गंभीर आजाराशी आहे. विलोची साल त्याच कुटुंबातली, त्यामुळे अठरा वर्षांखाली कुणालाच नको. आणि मोठ्यांनाही डेंग्यूची शंका असलेल्या तापात नको, त्यात आधीच रक्तस्रावाची भीती असते.

प्रश्न: आमच्या म्हाताऱ्या मांजरीचे सांधे दुखतात...

तिला तर नाहीच. मांजरीचं यकृत सॅलिसिलेट फार हळू निकामी करतं, माणसाला काही तासांत बाहेर पडणारं तिच्या अंगात दिवसेंदिवस साठत राहतं. वाळत घातलेली साल पण तिच्यापासून लांब ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, सांधेदुखीवर तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत.

प्रश्न: साल काढून उरलेल्या काठ्यांचं काय करू? लावल्या तर रुजतील का?

सोललेल्या नाही रुजणार, मुळं फुटायला सालच हवी. त्या काठ्या वेलांना आधार म्हणून चालतील, टोपल्या विणणाऱ्यांना देता येतील. पण फांदीची शेंड्याकडची बारीक टोकं तुम्ही सोलली नसतील तर ती वीत-दीड वीत कापून ओल्या मातीत दोन तृतीयांश खोचा, डोळ्यांची टोकं वर राहतील अशी, उलटी खोचली तर नाही चालत. काही आठवड्यांत मुळं धरतात. मी जेवढ्या फांद्या तोडते तेवढ्या तरी खोचतेच. फक्त जागा घरापासून आणि पाण्याच्या, ड्रेनेजच्या पाइपांपासून चांगली लांब बघा, याची मुळं पाणी शोधत जातात आणि सांध्यातल्या बारीक फटीतून आत शिरतात.